बोम्मसंद्र्याचे शहाबंदर

जगात कादंबरी लिहिणारे थोडे, वाचणारे त्याहून बरे आणि लिहायला घेतलेले अमाप. यांतली तिसरी जात सर्वांत सुखी. लिहून मोकळ्या झालेल्या माणसाच्या मागे प्रकाशक, मुद्रितं, परीक्षणं आणि मानधन नावाची अफवा लागते. लिहायला घेतलेल्याच्या मागे कोणी लागत नाही. त्याची कादंबरी कधी पडत नाही, कारण ती अजून उभीच राहिलेली नसते. त्यातही ती ऐतिहासिक असेल तर सुखाला पारावार नाही. सामाजिक कादंबरीवाल्याला ‘अरे, लिहीत का नाहीस?’ असं दरडावता येतं. ऐतिहासिकवाला शांतपणे म्हणतो, ‘अजून साधनं बघतोय.’ आणि साधनं आजवर कोणाच्या बापाला संपलेली नाहीत.

आमचे शहाबंदर या जातीचे. हे त्यांचं आडनाव नव्हे. जुन्या बंदरांवर परदेशी व्यापाऱ्यांची नोंद ठेवणारा, त्यांची जकात आणि तंटे बघणारा अधिकारी असे, त्याचा हा हुद्दा. आमचे गृहस्थ बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतात. कास्टिंगवाला असो, बेअरिंगवाला असो की हातमोजे विकणारा असो, फाटकातून आत आलेला प्रत्येक जण आधी त्यांच्या टेबलाशी नांगर टाकतो. पदवी त्यांनी स्वतःच घेतली आणि इतकी वर्षं घेतली की आता कँटीनवाल्या अण्णाच्या उधारीच्या वहीत त्यांच्या पानावर कन्नडमध्ये ‘शाबंदर सर’ असंच लिहिलेलं आहे.

मूळचे बेळगावचे, शहापूर पेठेतले. मराठी बोलताना कन्नड हेल, कन्नड बोलताना मराठी तोरा. वय निवृत्तीकडे झुकलेलं, मिश्या मात्र अजून चढाईवर. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक व्हर्निअर कॅलिपर. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात जेवणाचा डबा, छत्री आणि रिचर्ड हॅक्लुइटच्या प्रवासवृत्तांतांची स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स. झेरॉक्सवर आमटीचे डाग आहेत आणि डब्यावर हॅक्लुइटची शाई.

बंगळूरच्या मराठी माणसाने इतिहासावर लिहायचं म्हटलं तर वाट मळलेली आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर घेतलं, शहाजीराजांना जहागीर मिळाली, एवढ्या भांडवलावर इथली निम्मी मराठी मंडळी तहहयात भाषणं करू शकतात. शहाबंदरांना त्यात रस नाही. ‘राजांवर सगळे लिहितात ओ,’ ते म्हणतात. ‘राजाला पैसे कोण पुरवालाय, घोडे कोण विकालाय, ते कुणी लिहितंय काय?’ बेळगावकर म्हणून आपल्यावर जबाबदारी आहे, असंही त्यांना मनापासून वाटतं. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी ‘मोचनगड’ १८७१ साली लिहिणारे रा. भि. गुंजीकर बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे. ‘सुरुवात आम्ही केली, आता दिशाही आम्हीच देणार,’ असा एकूण सूर.

तर दिशा अशी: सोळावं शतक, युरोपातला प्रबोधनकाळ, मिरी, माणकं, अरबी घोडे आणि एकमेकांचा गळा धरायला टपलेले व्यापारी. कथानक त्यांना जन्माला घालावं लागलेलं नाही. ते आयतं घडून गेलेलं आहे, आणि ते मला तोंडपाठ आहे, कारण आम्ही एकाच गाडीने कामाला जातो.

आरव्ही रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. १९ किलोमीटर, १६ स्थानकं. त्याआधी आम्ही कंपनीच्या बसमध्ये सिल्क बोर्डाच्या चौकात रोज थोडे थोडे म्हातारे होत असू. मेट्रोच्या सुरुवातीच्या दिवसांत गाड्या तीनच होत्या आणि एक चुकली की दुसरी २५ मिनिटांनी. सगळा फलाट चडफडायचा, शहाबंदरांची कळी खुलायची. श्रोता २५ मिनिटं कुठे पळून जाऊ शकत नाही, हे सुख त्यांना बसने कधी दिलं नव्हतं.

रागीगुड्ड्याला ‘टायगर’ हे जहाज लंडन सोडतं. साल १५८३. जहाजावर आपल्या कामाची माणसं चार: मुरलेला व्यापारी जॉन न्यूबेरी, त्याचा जोडीदार राल्फ फिच, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. सोबत एलिझाबेथ राणीची दोन पत्रं, एक अकबर बादशहाच्या नावे आणि एक चीनच्या बादशहाच्या. जयदेव हॉस्पिटलला अलेप्पो येतं, बीटीएम लेआउटला बसरा. सेंट्रल सिल्क बोर्डाला होर्मुझ. इथे शहाबंदर आवाज खाली आणतात, कारण खलनायक इथे चढतो.

होर्मुझमध्ये पोर्तुगिजांचा किल्ला होता आणि मायकेल स्ट्रोपेने या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं बस्तान होतं. इंग्रज आले तर आपला धंदा बसणार, हे त्याने तत्काळ हेरलं. त्याने मारेकरी धाडले नाहीत, विष घातलं नाही, द्वंद्वाचं आव्हान तर मुळीच दिलं नाही. तो किल्लेदाराकडे गेला आणि ‘हे हेर आहेत’ एवढं सांगून आला. इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने मोलुक्का बेटांपाशी पोर्तुगीज गलबतावर तोफ डागल्याचं गाऱ्हाणं होतंच, त्यात ही भर. चौघेही आत. समोरच्या बाकावरचे एक कन्नड आजोबा ‘स्ट्रोपेने’ हे नाव आलं की रोज सहानुभूतीने मान हलवतात. आमच्या घरातला भाऊबंदकीचा दावा चालू आहे, अशी त्यांची समजूत असावी.

बोम्मनहळ्ळी, होंगसंद्रा आणि कुडलू गेट ही तीन स्थानकं चौघे कैदी म्हणून समुद्रात असतात. सिंगसंद्र्याला गोव्याचा तुरुंग. होसा रोडला फादर थॉमस स्टीफन्स. होय, तेच, ख्रिस्तपुराणवाले. हा इंग्रज जेझुइट १५७९ पासून गोव्यात होता. त्याने आणि ब्रूजच्या एका फ्लेमिश पाद्र्याने खटपट करून २२ डिसेंबर १५८३ रोजी मंडळींना जामिनावर सोडवलं. ‘बघा की ओ,’ शहाबंदर डबा मांडीवर घट्ट धरून म्हणतात, ‘अजून तेहेतीस वर्षांनी ज्याच्या मराठी ओव्या छापून येणार, तो माणूस इथं जामिनाची कागदं करालाय!’ दोन हजार डुकॅटांना जामीन राहिलेल्या गृहस्थाला मागे ठेवून मंडळी पुढे पळाली, हे वाक्य मात्र ते माझ्याकडे न बघता घाईने उरकतात. त्यांच्या पतपेढीच्या कर्जाला मी जामीन आहे.

इलेक्ट्रॉनिक सिटीला बेळगाव येतं. १५८४ च्या एप्रिलमध्ये न्यूबेरी, फिच आणि लीड्स गोव्यातून पळाले. नदी ओलांडली, वाटाड्या घेतला नाही, कारण भरवसा कोणाचाच नव्हता. दोन दिवस जीव मुठीत धरून पायी चालले आणि मग लागलं बेळगाव. तिथे हिरे, माणकं, नीलम यांचा मोठा बाजार भरतो, असं फिचने लिहून ठेवलं आहे. या वाक्याला शहाबंदर उभे राहतात, बसायला जागा असली तरी. ‘हिरे, माणकं ओ! आज लोक बेळगाव म्हटलं की कुंदा विचारतात.’

पुढचं मी पुस्तकात वाचलं. स्टोरी गोव्यातच राहिला. आधी जेझुइटांकडे चित्रं रंगवत होता, मग लग्न करून त्याने दुकान थाटलं. लीड्सला अकबराने घर, घोडा आणि रोजची तैनात देऊन ठेवून घेतलं. न्यूबेरी परतीच्या वाटेवर नाहीसा झाला. फिच पेगू आणि मलाक्का पाहून १५९१ मध्ये लंडनला पोचला, तेव्हा तो मेला असं समजून घरच्यांनी मालमत्तेच्या वाटण्या करून टाकल्या होत्या. शहाबंदरांच्या तोंडून हे ऐकण्याचा योग नाही. हेब्बगोडीला फिच जेमतेम ब्रह्मदेशात असतो आणि बोम्मसंद्रा येतं. संध्याकाळी परतताना गोष्ट तिथून पुढे जाईल असं कोणालाही वाटेल. ती पुन्हा लंडनहून निघते.

कारखान्यात शहाबंदरांना सोळाव्या शतकातून बाहेर यायची गरज पडत नाही. किंबहुना त्यांची सगळी नोकरी त्यांनी त्या शतकाच्या नियमांवर चालवली आहे आणि ती उत्तम चालली आहे.

उदाहरणार्थ, दिवाळीची भेट. १४९८ मध्ये वास्को द गामाने कालिकतच्या झामोरीनसाठी काय काढलं? कापडाचे बारा तुकडे, टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा भांडी, थोडी साखर, तेल आणि मध. झामोरीनची माणसं हसली. मक्केहून येणारा दरिद्री व्यापारीही याहून बरं आणतो म्हणाली. आमच्याकडे दिवाळीला पुरवठादार डबे, घड्याळं, सुक्या मेव्याचे खोके घेऊन येतात. शहाबंदर खोका उघडतात, वस्तूंची यादी मोठ्याने वाचतात, ‘गामाचं याहून बरं होतं’ असा शेरा मारतात आणि खोका परत करतात. गेल्या कैक दिवाळ्यांत त्यांच्या घरी कोणाची बर्फीसुद्धा गेलेली नाही. माणूस चोख आहे. फक्त त्याच्या चोखपणाला पंधराव्या शतकाच्या टोकापासूनचा आधार लागतो.

दुसरं शेपूट. फर्नाव नुनीझ हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी १५३५ च्या सुमारास विजयनगरात होता. त्याने नोंदवलं आहे की साळुव नरसिंह राजा हजार परदावांना तीन या भावाने घोडे घेई, मेलेले असोत की जिवंत. समुद्रात मेलेल्या घोड्याचं नुसतं शेपूट आणून दाखवलं तरी पूर्ण पैसे. आता आमच्याकडे होसूरहून माल निघालाही नसतो आणि लॉरीच्या पावतीचा फोटो मोबाइलवर येतो, ‘सर, बिल टाकू का?’ शहाबंदर फोन उचलतात. ‘शेपूट मिळालं. घोडा कुठाय?’ नवा पुरवठादार गोंधळतो. जुने थेट विचारतात, ‘सर, शेपूट चालेल का?’ आणि नकार ऐकून गाडी रवाना करतात.

तिसरी आगाऊ रक्कम. कृष्णदेवरायाने सिदी मरकार नावाच्या जुन्या विश्वासू माणसाला ४० हजार परदाव देऊन गोव्याला घोडे आणायला धाडलं. गडी फोंड्यापर्यंत गेला आणि तिथून पैशांसकट आदिलशहाकडे पळाला. आदिलशहाने त्याला दाभोळ दिलं. मग तो माणूसच गायब झाला आणि पैसे आदिलशहाकडे राहिले, असं लोक बोलत. नुनीझच्या हिशेबी १५२० च्या रायचूरच्या लढाईमागे हे प्रकरण आहे. म्हणून कोणी ‘तीस टक्के आधी द्या’ म्हणालं की शहाबंदर त्याला खुर्ची देतात, कॉफी मागवतात आणि फोंड्यापर्यंतची सगळी हकीकत ऐकवतात. कॉफी संपेपर्यंत मागणी दहा टक्क्यांवर आलेली असते. काही जण तर नुसती सुटका व्हावी म्हणून पूर्ण उधारीवर तयार होतात.

ही शस्त्रं फक्त बाहेरच्यांवर चालतात असं नाही. मी हिशेब विभागात. एखाद्या लहान कारखानदाराचं बिल ४५ दिवसांच्या पुढे गेलं की शहाबंदर माझ्या टेबलाशी उभे राहतात आणि विचारतात, ‘काय म्हणतात तिरुमलराय?’ यातला टोमणा कळायला मला चेझारे फेदेरिची वाचावा लागला. हा व्हेनिसचा व्यापारी १५६७ मध्ये, तालिकोटच्या लढाईनंतर, विजयनगरात सात महिने होता. लढाईत गेलेले घोडे परत आणून द्या, चांगले पैसे देतो, असं सांगून तिथल्या सत्ताधीश तिरुमलरायाने व्यापाऱ्यांना बोलावलं. घोडे आल्यावर ठेवून घेतले आणि व्यापाऱ्यांना रिकाम्या हाताने वाटेला लावलं. तेव्हापासून मी बिलं वेळेवर काढतो. इतिहासातून आपण काय शिकतो या प्रश्नाला माझ्यापुरतं तरी उत्तर आहे.

शहाबंदरांच्या घरी वहिनींनी हे सगळं समजुतीने घेतलं आहे. ‘आमच्या घरात दोन पुरुष,’ त्या पाहुण्यांना सांगतात. ‘एक बोम्मसंद्र्याला जातो, एक होर्मुझला. पगार एकाचाच येतो.’ कपाटाच्या ज्या कप्प्यात लोकांच्या पैठण्या असतात तिथे यांचे नकाशे आहेत. संगणकावर चलनांचा मोठा तक्ता आहे: होन, परदाव, अशरफी, क्रुझादो, डुकॅट. सोन्याच्या एका परदावाचे ३६० रेइश हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं. दुधवाल्याचे किती द्यायचे राहिले, हे जागेपणी विचारलं तरी नाही.

आता मूळ प्रश्न. कादंबरी कुठवर आली?

पहिलं वाक्य झालेलं आहे. मांडवीवर पहाट होते आहे आणि तिघे इंग्रज पळायच्या बेतात आहेत. एवढं लिहून झाल्यावर शहाबंदरांना वाटलं, चंद्र दाखवावा. पण चंद्र होता का? फिच तारीख देतो ५ एप्रिल. ती कोणाची ५ एप्रिल? पोर्तुगालने १५८२ मध्ये ग्रेगरीची नवी दिनगणना घेतली, इंग्लंडने ती १७५२ पर्यंत घेतली नाही. दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. गोव्यात बसलेला इंग्रज माणूस कोणतं पंचांग बघत होता, हे ठरल्याशिवाय चंद्र काढता येत नाही, आणि चंद्राशिवाय शहाबंदरांना पुढचं वाक्य सुचत नाही. गेली काही वर्षं मांडवीवर पहाटच होते आहे.

बाकीच्या अडचणीही अशाच राष्ट्रीय स्वरूपाच्या. नायक एक तरुण कोकणी दुभाषा आहे, तो तिघांना घाटाच्या पायथ्याशी भेटतो. फिच म्हणतो वाटाड्या नव्हता, म्हणून नायकाने त्यांना वाट दाखवायची नाही, नुसतं बरोबर चालायचं. तो वाटेत एका घरी थांबून वाट बघतो. पण चहा नाही! मराठी कादंबरीतल्या माणसाने चहाशिवाय वाट बघायची तरी कशी? ताक द्यावं तर प्रसंगातला ताण जातो. नायकाच्या घोड्याचं नाव ठरलेलं आहे, नायकाचं ठरलेलं नाही. तोवर हस्तलिखितात घोड्याला नावाने हाक मारली जाते आणि नायकाला ‘अरे’ म्हणून.

जून ते सप्टेंबर लेखन बंद असतं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद असत, जहाजं ये-जा करीत नसत, त्या काळात पात्रांनी तरी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरात वारे फिरतात, मग दिवाळी येते, मग वार्षिक मालमोजणी. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांना ‘माझं आगामी लेखन’ या विषयावर दहा मिनिटं दिली होती. दहा मिनिटांत ते बसऱ्याला पोचले. अध्यक्षांनी घंटा वाजवली, तेव्हा ‘होर्मुझ टाळलंत, भाग्यवान आहात’ असं श्रोत्यांना सांगून ते खाली बसले.

एवढ्यावर हा माणूस गमतीचा म्हणून सोडून देता आला असता. पण एक प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्याकडे कास्टिंग दोघांकडून येतं, एक जिगणीचा, एक होसूरचा. एका सकाळी मोठ्या साहेबांच्या नावे निनावी पत्र आलं. होसूरचा माल हलका आहे, त्यात भेसळीचा धातू आहे आणि खरेदी विभागाला त्याचा वाटा पोचतो. खाली पुराव्यादाखल एका खेपेचा लॉट नंबर. साहेबांनी शहाबंदरांना बोलावलं. मी कागद घेऊन तिथेच उभा होतो. दुसरा कोणी असता तर चिडला असता, रडला असता, राजीनाम्याची भाषा बोलला असता. शहाबंदरांनी पत्र दोनदा वाचलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘सर, हे होर्मुझचं पत्र आहे.’

साहेब पंजाबी. त्यांना वाटलं, आयात मालाची भानगड आहे.

मग शहाबंदरांनी जे केलं ते फार साधं होतं. दोन्ही पुरवठादारांच्या मालाचे नमुने एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, दोघांच्या देखत तपासायला लावले. दोन्ही ठीक निघाले. मग लॉट नंबर. तो नंबर कोणत्याही बिलावर नव्हता, फक्त आमच्या तपासणी खोलीतल्या खोक्याला लावलेल्या चिठ्ठीवर होता. त्या खोलीबाहेरच्या बाकावर आदल्या आठवड्यात तासभर कोण बसून होतं, ते फाटकावरच्या वहीत निघालं. शहाबंदरांनी जिगणीवाल्याला बोलावलं, कॉफी दिली आणि कसलाही आरोप न करता मायकेल स्ट्रोपेनेची गोष्ट सांगितली, अथपासून इतिपर्यंत. या एका माणसाला ती पूर्ण ऐकायला मिळाली. तो घामाघूम होऊन उठला. पुढच्या खेपेला त्याचा भाव आपोआप खाली आला. मागणी दोघांत वाटून दिली, साठ-चाळीस. कोणाचं नाव फळ्यावर लागलं नाही, कोणाचा धंदा बुडाला नाही आणि कारखान्याचे पैसे वाचले.

त्या संध्याकाळी गाडीत मी म्हटलं, ‘शहाबंदर, हीच तुमची कादंबरी. हे पत्र, हा लॉट नंबर, ही फाटकावरची वही. फक्त चारशे वर्षं मागे न्या.’

त्यांनी माझ्याकडे अशा कीवेने पाहिलं की मी सिल्क बोर्डापर्यंत गप्प बसलो. ‘यात तलवार कुठं आहे ओ?’ ते म्हणाले.

घोटाळा इथे आहे, आणि तो एकट्या शहाबंदरांचा नाही. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याला गड, घोडा आणि पल्लेदार संवाद लागतात. पण आपला किनारा पेटला तो मिरी आणि घोड्यांच्या बाजारावरून. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या तोंडाशी पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेंसो मारला गेला, वर्ष सरता सरता बापाने दाभोळ जाळलं आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवला इजिप्त, गुजरात आणि कालिकत यांचं एकवटलेलं आरमार बुडवलं. या तोफांच्या मागे चोपड्या होत्या. अलेक्झांड्रियाच्या मिरीवर जगणाऱ्या व्हेनिसने १५०४ मध्ये लिओनार्दो द का मासेर या माणसाला व्यापाऱ्याच्या वेषात लिस्बनला पाठवलं ते काही तलवार चालवायला नव्हे. जहाजं किती आली, माल किती उतरला आणि भाव काय निघाला, एवढं कळवायला. तो तिथे पकडलाही गेला. स्ट्रोपेनेच्या एका चुगलीने चौघांचं आयुष्य चार वाटांना गेलं. साहस होतं ते अशा जागी: जामिनाच्या कागदात, पळायच्या पहाटेत, न मिळालेल्या पैशांत.

हे सगळं शहाबंदरांना माहीत आहे. एवढंच नव्हे, निनावी पत्र वाचताना पोटात काय होतं, आगाऊ रक्कम मागणाऱ्याचा आवाज कसा मऊ होतो, भाव पाडताना समोरचा कुठे बघतो, हे त्यांना जसं माहीत आहे तसं हॅक्लुइटलाही नव्हतं. मराठीत राजे भरपूर झाले, सरदार झाले, त्यांच्या राण्याही झाल्या. व्यापारी अजून यायचा आहे. तो लिहू शकेल असा माणूस रोज सकाळी आमच्या गाडीत असतो आणि चंद्र उगवला होता की नाही याचा शोध घेत असतो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या सोसायटीत, कचेरीत, लोकलच्या डब्यात असा एखादा शहाबंदर असेलच. त्याला नवा संदर्भग्रंथ सुचवू नका, जुना नकाशा भेट देऊ नका आणि ‘छान, चालू ठेवा’ असं तर चुकूनही म्हणू नका. त्याच्या पिशवीतली झेरॉक्स काढून घ्या, पहिल्या प्रकरणासाठी ४५ दिवसांची मुदत घाला आणि आगाऊ शाबासकी एक पैशाची देऊ नका. घोडा आल्याशिवाय पैसे नाहीत, हा नियम त्याला चांगला ठाऊक असतो.